लकवा झालेल्या पायाचा व्यायाम: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

चोपडा-यावल भागात घरी जाऊन फिजिओथेरपी देताना एक दृश्य मी वारंवार पाहते. अंगावरून वारं गेलेल्या आबांना मुलगा लुळा हात ओढून उभं करतो आणि म्हणतो, "चालवा त्यांना, चालले की पाय सुटेल." कृपा करून तो हात ओढू नका. खांद्याचा सांधा आधीच सैल पडलेला असतो, तो खाली सरकतो, आणि मग दुखण्यापायी सगळाच व्यायाम बंद पडतो. अशक्त बाजूला उभे राहा, कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा.

त्याहून मोठी चूक म्हणजे चालण्याची घाई. ज्या पायावर उभं राहता येत नाही, त्याला फरफटत नेलं तर फरफटण्याचीच सवय लागते. आधी उठ-बस पक्की करा. नवारीची खाट खाली दबते, प्लास्टिकची खुर्ची सरकते. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सुरुवातीला बैठक थोडी उंच असू द्या. टाचा गुडघ्यांच्या जरा मागे, धड पुढे झुकलेलं, मग उठायचं. इथे पेशंट नकळत सगळं वजन चांगल्या पायावर घेतो. उपाय सोपा आहे: चांगला पाय वीतभर पुढे ठेवा, अशक्त पायाला काम करावंच लागतं.

तोलासाठी स्वयंपाकाचा ओटा उत्तम. ओट्याला धरून उभं राहून वजन हळूहळू अशक्त पायावर न्यायचं, पाच आकडे मोजायचे, परत यायचं. जमू लागलं की चांगला पाय समोरच्या पाटावर ठेवायचा. गुडघा मागे ताठ फेकला जात असेल तर थांबा. तो किंचित वाकलेलाच हवा. मागे खुर्ची आणि शेजारी माणूस, दोन्ही हवेतच.

काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी.

बधिर पायाला गरम विटेचा शेक देऊ नका. चटका कळत नाही, फोड मात्र येतो. वैशाखात व्यायाम ऊन चढायच्या आत उरका. चक्कर आली, छाती भरून आली तर लगेच थांबा. बोलणं नव्याने अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर मालिशवाल्याकडे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

"सहा महिने झाले, आता काय सुधारणार?" असं म्हणून व्यायाम सोडणारी घरं पाहिली की जीव तुटतो. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात, हे खरं. पण तोल आणि चाल सरावाने त्यानंतरही सुधारते.