तुर्की भाषेत ‘कुठे’ कसे सांगावे: बेळगाव सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी

तुर्की भाषेत वस्तू कुठे आहे हे सांगण्यासाठी नामाला ‘दा’ किंवा ‘दे’ जोडतात. मराठीत ‘त’ आणि ‘वर’ यांची जी वाटणी आहे ती तिथे नाही. ‘एव’ म्हणजे घर, त्याचे ‘एवदे’ म्हणजे घरात, आणि ‘मासा’ म्हणजे टेबल (ताटातला मासा नव्हे), त्याचे ‘मासादा’ म्हणजे टेबलावर.

शब्दातला शेवटचा स्वर आ, ओ, उ अशा मागच्या गटातला असेल तर ‘दा’, आणि ए, इ अशा पुढच्या गटातला असेल तर ‘दे’ येतो. याचा सराव आपल्याच गावांवर करावा: खानापूरदा, संकेश्वरदा, निपाणीदे, हुक्केरीदे. ‘बेळगाव’ म्हटले तर ‘बेळगावदा’ होते आणि 2014 पासूनचे अधिकृत ‘बेळगावी’ म्हटले तर ‘बेळगावीदे’, म्हणजे नावाचा वाद इथेही पाठ सोडत नाही. शेवटी प, क, स, श यांसारखे अघोष व्यंजन आले की ‘द’चा ‘त’ होतो. कॅम्पला तुर्कीत ‘कांप’ म्हणतात, म्हणून कॅम्पात म्हणजे ‘कांपता’.

आत, समोर, मागे असे नेमके सांगायचे असेल तेव्हा मात्र बहुतेकांची चूक होते. मराठीतले ‘घराच्या आत’ आणि कन्नडमधले ‘मनेय ओळगे’ या दोन्हींत घराला षष्ठी लागली की काम संपते; तुर्कीत आतल्या भागालाही ‘त्याचा’ हे दाखवणारा प्रत्यय लावावा लागतो. ‘एविन इचिन्दे’ फोडून पाहावे: एविन म्हणजे घराच्या, इच म्हणजे आतला भाग, पुढचा ‘इ’ म्हणजे त्याचा, मग जोडणारा ‘न’ आणि शेवटी ‘दे’. आपल्या सवयीने ‘एविन इचते’ म्हटले तर ते चुकते. याच साच्यात ‘एविन ओनुन्दे’ म्हणजे घरासमोर (यातले ‘ओ’ आणि ‘उ’ जीभ पुढे ठेवून, ओठ गोल करून म्हणायचे पुढच्या गटातले स्वर आहेत, म्हणून ‘दे’) आणि ‘एविन आर्कासिन्दा’ म्हणजे घरामागे. या शेवटच्या शब्दातला ‘इ’ जीभ मागे ओढून म्हणावा, कारण तो मागच्या गटातला आहे आणि म्हणूनच त्यापुढे ‘दा’ येतो.

वाक्य करताना ‘आहे’ची सवय आवरावी. ‘पुस्तक टेबलावर आहे’ हे नुसते ‘किताप मासादा’, पण ‘टेबलावर एक पुस्तक आहे’ असे अस्तित्व सांगायचे तर ‘मासादा बिर किताप वार’. नकार देताना पहिल्यात ‘देइल’ येते आणि दुसऱ्यात ‘वार’च्या जागी ‘योक’. मराठीत दोन्हीकडे ‘नाही’च असल्यामुळे हा फरक जोडीने पाठ केलेला बरा: ‘किताप मासादा देइल’, ‘मासादा किताप योक’.