ब्रेल नोटटेकर अडकला तर: रीसेट कधी, कोणता आणि कसा करावा

ब्रेल नोटटेकर म्हणजे ब्रेलच्या कळांनी लिहायचं आणि उठणाऱ्या ठिपक्यांच्या पट्टीवर किंवा आवाजात वाचायचं छोटं यंत्र. तो हलेनासा झाला की आजूबाजूचे लगेच सांगतात, "रीसेट करून टाका." हा सल्ला घाईचा आहे. या यंत्रात वापरणाऱ्याच्या वह्या असतात, फोन नंबर असतात, अर्धवट राहिलेला अर्ज असतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणून सुरुवात सगळ्यात हलक्या उपायापासून करायची आणि पुसून टाकणारा उपाय शेवटी ठेवायचा.

आधी खरंच अडकला आहे का ते पाहा

आवाज गेला असेल पण बोटांखाली ठिपके बदलत असतील, तर यंत्र चालू आहे. आवाज शून्यावर गेलाय का, इअरफोनची पिन आत राहिलीय का, की आवाज ब्लूटूथवरून दुसऱ्याच हेडफोनमध्ये जातोय, ते तपासा. उलट, आवाज येतोय आणि ब्रेल पट्टी सपाट आहे, तर सेटिंगमध्ये ब्रेल बंद झालं असण्याची शक्यता आहे.

कळा दाबून काहीच होत नसेल तर लॉकचा खटका बोटाने चाचपा. बऱ्याच यंत्रांवर तो पुढच्या किंवा बाजूच्या कडेला असतो आणि पिशवीत घासून सरकतो. नोटटेकर संगणकाला किंवा फोनला जोडून नुसती ब्रेल पट्टी म्हणून वापरला असेल, तर तो अजून त्याच टर्मिनल मोडमध्ये असू शकतो. तेव्हा त्याचा स्वतःचा मेनू प्रतिसाद देत नाही आणि यंत्र मेल्यासारखं वाटतं. त्या मोडमधून बाहेर पडलात की काम झालं.

एका हाताने टाइप करण्याची सोय चुकून सुरू झाली तरी असाच गोंधळ होतो. ठिपके एकेक करून साठत जातात आणि स्पेस दाबल्यावरच अक्षर उमटतं. मजकूर निरर्थक दिसत असेल तर फाइल बिघडली असं लगेच समजू नका. भाषेचा ब्रेल तक्ता, म्हणजे कोणत्या ठिपक्यांचं कोणतं अक्षर हे ठरवणारी यादी, बदललाय का, सहाऐवजी आठ ठिपके निवडले गेलेत का, संक्षिप्त (शब्द आखडून लिहिण्याचं) ब्रेल सुरू झालंय का, हे पाहा.

यातलं काहीच नसेल तर दोन-तीन मिनिटं थांबा. मोठी फाइल उघडताना यंत्र गप्प होतं. तेवढ्यात दहा कळा दाबल्या की त्या सगळ्या आज्ञा रांगेत लागतात, आणि यंत्र जागं झाल्यावर त्या एकामागोमाग अमलात येतात. त्यात एखादी डिलीटची असली तर?

मग चार्जिंग

यंत्रासोबत आलेला चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. पूर्ण उतरलेली बॅटरी लगेच दाद देत नाही. संगणकाच्या यूएसबीतून मिळणारी वीज अनेकदा अपुरी पडते. केबल बदलून पाहा, कारण केबल आतून तुटलेली असली तरी हाताला समजत नाही.

यंत्र टेबलावर सपाट बसत नसेल, डुलत असेल, किंवा बॅटरीचं झाकण वर आलेलं लागत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग ताबडतोब थांबवा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि पुढचं सगळं दुरुस्ती केंद्रावर सोपवा.

यंत्र थोडंही चालत असेल तर आधी फाइली बाहेर काढा

पेनड्राइव्हवर किंवा एसडी कार्डवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या एक-दोन फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून वाचा. हे केल्याशिवाय बॅकअप झाला असं मी तरी मानणार नाही. खात्यांचे पासवर्ड, वायफायचा पासवर्ड आणि विकत घेतलेल्या प्रोग्रामचे परवाना क्रमांक वेगळे टिपून ठेवा.

आता रीसेट

पहिला प्रकार साधा रीस्टार्ट. नेहमीच्या पद्धतीने बंद करून चालू करा. ते जमत नसेल तर अनेक यंत्रांत पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की सक्तीने रीस्टार्ट होतं. काहींना वेगळं रीसेट बटण असतं, बहुतेकदा बारीक छिद्राच्या आत. इथे फार सांभाळा: तसंच छिद्र मायक्रोफोनचंही असतं आणि त्यात पिन खुपसली तर मायक्रोफोन कायमचा जातो. माहितीपुस्तिकेतून जागा नक्की करूनच बोथट टोकाने हलकेच दाबा. साध्या रीस्टार्टने सेव्ह न केलेला मजकूर जातो, सेव्ह केलेल्या फाइली राहतात.

दुसरा प्रकार फक्त सेटिंग मूळ स्थितीत आणण्याचा. तुमच्या यंत्रात हा वेगळा पर्याय असेल तर फॅक्टरी रीसेटच्या आधी तो नक्की वापरून पाहा.

तिसरा फॅक्टरी रीसेट. यात यंत्राच्या आतल्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं असं धरूनच चाला. एसडी कार्ड आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा, चार्जर लावलेला राहू द्या, मध्ये वीज तोडू नका. अँड्रॉइडवर चालणारं यंत्र नंतर पूर्वीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागू शकतं. तो आठवत नसेल तर सुरूच करू नका. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागतो, आणि भाषा व ब्रेल तक्ता पुन्हा निवडावा लागतो.

रीसेटसाठी कोणत्या कळा एकत्र दाबायच्या, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. मित्राच्या यंत्रावर ज्या कळांनी रीस्टार्ट होतं, त्याच कळा तुमच्या यंत्रावर मेमरी पुसू शकतात.

जुनं यंत्र असेल तर आणखी एक धोका. १९८७ साली आलेल्या ब्रेल अँड स्पीकसारख्या सुरुवातीच्या नोटटेकरमध्ये फाइली बॅटरीच्या विजेवर टिकणाऱ्या मेमरीत असायच्या. अशा यंत्राची बॅटरी काढून पुन्हा लावण्याचा उपाय म्हणजे सगळ्या वह्या पुसणं.

ठिपका वर येत नसेल तर

हे रीसेटने बहुधा सुटत नाही. बहुतेक नोटटेकरमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी पिझो सिरॅमिकची (वीज मिळाली की वाकणाऱ्या पदार्थाची) पातळ पट्टी असते. तिला साधारण २०० व्होल्टचा दाब मिळाला की ती वाकते आणि पिन उचलते. बोटांवरचं तेल आणि धूळ आत साचली की पिन अडकते. ओळखायचं असं: वेगवेगळ्या फाइली उघडून पाहा. प्रत्येक वेळी त्याच जागचा तोच ठिपका गायब असेल तर दोष त्या सेलमध्ये, म्हणजे पट्टीवरच्या त्या एका अक्षराच्या ठिपक्यांच्या घरात आहे. मजकुराबरोबर चूक सरकत असेल तर दोष तक्त्याचा किंवा फाइलचा.

सफाईसाठी यंत्र बंद करा आणि किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्टी हळूच पुसा. द्रव थेट फवारू नका. सुईने पिन उचलायचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका, मदत करणारा कितीही डोळस असो. आणि वाचायला बसण्याआधी हात धुऊन कोरडे करा. पट्टीचं आयुष्य याने वाढतं.

एवढं करूनही यंत्र सुरू झालं नाही तर ते दुरुस्तीला द्या. एसडी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवा. मॉडेल, अनुक्रमांक, बिघाड कधी सुरू झाला आणि कोणते उपाय करून झाले, हे लिहून द्या. त्याच कागदावर वर ठळक लिहा: "मला विचारल्याशिवाय मेमरी पुसू नये."