दवाखान्याला निघण्याआधी दोन फोन

खानापूरहून बेळगावला दाखवायला जायचं म्हणजे दुपारपर्यंत बाकड्यावर बसणं आलं. आईच्या गुडघ्यांना ते झेपत नाही, म्हणून आम्ही असं करतो.

१. सकाळी फोनवर नंबर लावायचा. डॉक्टर आलेत का, तेही विचारायचं.

२. आत कितवा नंबर चालू आहे ते विचारायचं. पलीकडून कन्नड आलं तर ‘ईग एष्टने नंबर?’ एवढं पुरतं.

३. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. समजा तेवढ्यात ५ पेशंट झाले, आत १०वा आहे आणि आपला २५वा, तर अजून दीड तास आहे. त्या हिशेबाने एसटी धरायची, अर्धा तास हातचा ठेवून.

छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर नंबरबिंबर नको, थेट १०८ लावा.