वेटसूट कोकणात वाळवताना या चुका टाळा

दिवाळीनंतर मालवण-तारकर्लीला पर्यटकांची गर्दी झाली की माझ्याकडे दुरुस्तीचे वेटसूट, म्हणजे समुद्रात उतरताना घालायचे अंगाला घट्ट बसणारे रबरी सूट, यायला लागतात. त्यात समुद्रात फाटलेले फार थोडे. बाकीचे घरी नेऊन कुजवलेले, भाजलेले नाहीतर ताणून लांबवलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं : "धुऊन चांगला कडक उन्हात वाळवला हो!"

ऊन दाखवणं

आपल्याकडे गादीपासून पापडापर्यंत सगळ्याला ऊन दाखवायची सवय आहे, ती इथे आवरा. वेटसूट निओप्रीनचा असतो, म्हणजे नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांनी फुगवलेल्या रबराचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे रबर कडक होतं, मग गुडघ्या-कोपरांच्या घडीत भेगा पडतात. काळा सूट चिऱ्याच्या गडग्यावर किंवा पत्र्यावर पसरला तर वरून ऊन आणि खालून चटका. शिवणींचा गोंद सुटतो तो तिथेच. वाळवायचं काम वारा करतो. पडवीत, सावलीत, जिथे दोन्ही बाजूंनी हवा खेळते तिथे टांगा. हिवाळ्यात पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, वाहतो तेव्हा सूट जितका सुकतो तितका दिवसभराच्या दमट खाऱ्या वाऱ्यात सुकत नाही. मात्र रात्री उघड्यावर ठेवू नका, दंव पडतं.

गोड्या पाण्यात न भिजवणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात, आणि करत नाही असंही सगळेच सांगतात. बादलीत एकदा बुचकळून काढला की धुतला, अशी समजूत असते. अस्तरातलं मीठ तेवढ्याने निघत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओल धरतं. म्हणजे मीठ राहिलेला सूट किनाऱ्यावर पुरता वाळतच नाही. सकाळी कोरडा वाटतो, संध्याकाळी हात लावला की चिकट.

देवबागचा एक मुलगा भाड्याने सूट द्यायचा. मे अखेरीस धंदा बंद झाला तसे सगळे सूट धुऊन, अर्धा दिवस दोरीवर टाकून, निळ्या ताडपत्रीत करकचून बांधून माळ्यावर चढवले. गणपती गेल्यावर गाठोडं सोडलं आणि तसंच उचलून माझ्याकडे आणलं. वास गाडीतूनच आला. अस्तरावर खांद्यापासून कमरेपर्यंत बुरशीचे काळे ठिपके, पितळी चेन हिरवी पडून जागच्या जागी घट्ट, शिवणीवरची पट्टी नखाने उचलली तर पापुद्र्यासारखी वर आली. खालच्या सूटांवर वरच्यांचं वजन पडून पोटावर आडवी घडी बसली होती. ती आजतागायत गेलेली नाही, कारण दाबून चपटे झालेले बुडबुडे परत फुगत नाहीत.

"काका, बावीच्या पाण्यान दोनदा धुतलेले मा!"

धुतले होते, खोटं नाही. पण देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, तशी त्याची बावही झाली होती. खारं पाणी काढायला त्याने खारंच पाणी वापरलं. त्यामुळे मे महिन्यात धुण्याआधी पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून बघायचा, हा माझा नेम आहे. मचूळ लागलं तर नळाचं पाणी आणा, आतल्या गावातून कॅन भरून आणा, काहीही करा. थंड गोड्या पाण्यात तासभर भिजवायचा, पाणी बदलून पुन्हा तासभर. त्या मुलाचे काही सूट रात्रभर भिजवून, लहान मुलांच्या शांपूने घासून वापरण्याजोगे झाले. ठिपके राहिलेच. उरलेले मी कापून गुडघ्यांच्या ठिगळांसाठी ठेवले.

सूटमध्ये लघवी करत नाही असं सगळेच म्हणतात. बरं. तरीही आतून नीट धुवा. वास राहिलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा आणि नंतर परत साध्या पाण्यातून काढा. धुण्याची पावडर, ब्लीच, गरम पाणी, वॉशिंग मशीन, इस्त्री : यातलं काहीही नको. इस्त्री कोण करतं विचारू नका, करणारे भेटले आहेत.

बाहेरून कोरडा म्हणजे कोरडा

आधी उलटा करून आतली बाजू वाळवायची, मग सुलटा करायचा. घाईची मंडळी सरळच टांगतात आणि दुसऱ्या दिवशी ओल्या अस्तरात पाय घालताना तोंड वाकडं करतात. उलटा टांगल्याने दुसरा फायदा म्हणजे राहिलंच तर थोडं ऊन अस्तराला लागतं, रबराला नाही. पिळू मात्र नका. घोटे आणि मनगटं खाली धरून पाणी निथळू द्या, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पुरे. पावसाळ्यात हवा ८५ टक्क्यांच्या वर दमट असते, तेव्हा खोलीत पंख्याखाली दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. हेअर ड्रायर आणि चुलीवरची दोरी ही अधीर लोकांची कामं. चुलीवर वाळवलेल्या सूटाचा धुरकट वास पुढच्या हंगामापर्यंत जात नाही.

तारेच्या हँगरवर टांगणं

ओला सूट भलताच जड असतो. बारीक हँगरवर खांदे लोंबून पातळ होतात. मी जाड बांबूवर कमरेत दुमडून टाकतो. वाळला की रुंद खांद्यांच्या हँगरवर, आणि त्याला कसलंही प्लास्टिक गुंडाळत नाही.

आणखी काही

घालताना नखांनी ओढू नका, चंद्रकोरीसारखे काप पडतात. बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर सरकवा. सरकावा म्हणून खोबरेल चोळणारे भेटतात. त्या तेलाला पुढे खवट वास सुटतो आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

होडीत डिझेलच्या कॅनशेजारी सूट टाकू नका.

आपल्याकडचं समुद्राचं पाणी पंचविशीच्या खाली क्वचितच उतरतं, तीन मिलिमीटर पुष्कळ. स्वस्त मिळाला म्हणून पाच मिलिमीटरचा घेणाऱ्यांना पोहताना उकडतं आणि वाळायला दुप्पट वेळ.

चेन मिठाने अडकली तर जोर लावू नका. कोमट पाण्यात टोक बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, सुकल्यावर साध्या मेणबत्तीचं मेण दातांवर फिरवा. ठेवताना चेन उघडीच ठेवा. आणि माळ्यावर ठेवणार असाल तर आधी उंदरांचं बघा. गेल्या आठवड्यात आलेल्या सूटाची मान उंदराने कुरतडली होती, आणि मालक मला विचारत होता की यावर गोंद चालेल का. छोट्या चिरेला निओप्रीनचा गोंद चालतो : दोन्ही कडांना पातळ थर, हाताला चिकटेनासा झाला की दुसरा थर, मग दाबून एक दिवस हात लावायचा नाही. पण मानच नसेल तर गोंद लावायचा कशाला?