फार्मसीला जायचंय? अकरावीपासूनच कागद जुळवा

बारावी सायन्सचा निकाल लागला की तालुक्याच्या नेट कॅफेत हमखास एक प्रश्न येतो: फार्मसीला इंटरव्ह्यू असतो का? महाराष्ट्रात कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून बी.फार्म किंवा डी.फार्मला जाणाऱ्याची मुलाखत कोणी घेत नाही. जे काही व्हायचं ते कागदांच्या पडताळणीत होतं. चांगले मार्क असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा एखाद्या दाखल्यापायी, म्हणून या लेखात सीईटीपेक्षा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेपेक्षा, दाखल्यांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी कोर्सचं ठरवा. डी.फार्म (पदविका) दोन वर्षांचं, सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश. मेडिकल स्टोअर टाकायचं असेल तर हे पुरतं, पण ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं, आणि २०२२ च्या नियमांनुसार एक्झिट परीक्षा पास झाल्यावरच फार्मसिस्ट म्हणून नोंदणी होते. बी.फार्म (पदवी) चार वर्षांचं. त्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सोबत जीवशास्त्र किंवा गणित हवं. या तिन्ही विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव गटांना ४० टक्के. फार्म.डी सहा वर्षांचं, शेवटचं वर्ष दवाखान्यात इंटर्नशिपचं. डी.फार्म करून पुढे थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा रस्ता वाईट नाही.

सीईटीचा हिशेब सोपा आहे. पीसीबी गटात आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५० अधिक ५० प्रश्न, ९० मिनिटांत. मग बायोलॉजीचे १०० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटांत. एकूण २०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पीसीएमवाल्यांना बायोलॉजीऐवजी गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. म्हणजे बायोलॉजीत २०, फिजिक्स-केमिस्ट्रीत दहा-दहा. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालणाऱ्यांचे इतके गुण तिथेच जातात. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दिली म्हणून सीईटी सोडू नका. सीईटीचा फॉर्म हिवाळ्यातच सुटतो, तेव्हा बोर्डाच्या तयारीच्या धांदलीत तारीख निघून जाते.

आता दाखले. इथे सावकाश वाचा.

पहिला कागद टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ती हातात पडली की चार रकाने तपासा: पूर्ण नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि जात. राष्ट्रीयत्वापुढे ‘भारतीय’ लिहिलेलं असलं की वेगळा राष्ट्रीयत्वाचा दाखला लागत नाही. तिथे नुसती रेघ ओढलेली असेल तर शाळेच्या बाबूकडून त्याच दिवशी भरून घ्या. जातीच्या रकान्यात जे लिहिलं असेल तेच जात प्रमाणपत्रावर हवं. टीसीवर नुसतं ‘कुणबी’ आणि प्रमाणपत्रावर पोटजातीसकट, किंवा एकीकडे ‘बंजारा’ आणि दुसरीकडे ‘लमाण’, असं असेल तर पडताळणीवाला अडवू शकतो. शाळेत नाव असतानाच नोंदीची दुरुस्ती सोपी असते. टीसी निघाल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे चपला झिजवणं. नावाचंही तसंच. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. क्रमाच्या फरकाने काही बिघडत नाही, स्पेलिंगच्या फरकाने बिघडतं. सीईटीच्या फॉर्ममध्ये दहावी-बारावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आईचं नाव माहेरचं की सासरचं, हा घोळही इथेच निघतो.

राखीव गटातल्या मुलांना जात प्रमाणपत्र पुरत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतं. ही फाइल अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह टाकायची. आधी ऑनलाइन अर्ज, मग प्रिंट आणि कागद जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे. सोबत मुलाचं जात प्रमाणपत्र, वडिलांची टीसी, आजोबा किंवा चुलत आजोबांचा जुना पुरावा, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि कागद खरे असल्याचं शपथपत्र नमुना १७ मध्ये. जुना पुरावा म्हणजे किती जुना? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढा, जन्माच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. किंवा प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या. काका, आत्या किंवा सख्ख्या भावा-बहिणीची व्हॅलिडिटी आधीच निघाली असेल तर तिची प्रत आणि नातं दाखवणारी वंशावळ लावा, फाइल लवकर सरकते. आदिवासी मुलांच्या समित्या वेगळ्या असतात. तिथे चौकशीला वेळ जातो, म्हणून त्यांनी तर बारावीची वाटच पाहू नये.

ओबीसी, व्हीजे-एनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसीला (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. एससी-एसटीला लागत नाही. ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. म्हणजे २०२६ च्या जुलैत अर्ज करत असाल तर ३१ मार्च २०२७ पर्यंत. दहावीत काढलेलं जुनं नॉन-क्रिमीलेअर तसंच स्कॅन करून टाकणं ही नेहमीची चूक. मर्यादा ८ लाखांची, पण त्यात शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. वडील शिक्षक आहेत म्हणून मिळणार नाही, असं परस्पर ठरवू नका. आणि दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा. सेतूवाला घाईत केंद्राच्या नमुन्यातला काढून देतो, तो इथे चालत नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाच्या दाखल्याचंही हेच.

दाखला अजून निघाला नसेल तर अर्ज केल्याची पावती लावता येते. मात्र सीईटी सेलने (प्रवेश प्रक्रिया चालवणारं राज्याचं कार्यालय) दिलेल्या तारखेपर्यंत मूळ कागद आला नाही तर तुम्ही खुल्या गटात जाता, आणि राखीव गटातून मिळालेली जागा सुटते.

कॅपचा अर्ज भरून झाला की पडताळणी ऑनलाइन करायची की सुविधा केंद्रावर जाऊन, हे विचारलं जातं. मोबाइलने काढलेले तिरपे, सावली पडलेले फोटो परत येतात, म्हणून स्कॅनरवरच स्कॅन करा. ऑनलाइन निवडलं तर रोज लॉगिन उघडून पाहा. त्रुटी निघाली की अर्ज परत येतो, आणि तो पुन्हा सादर केल्याशिवाय पुढे जात नाही. गावात रेंज नसेल, मेळघाटात किंवा भामरागडकडे असाल, तर सरळ केंद्रावर जाणं बरं. तिथे टेबलापलीकडचा माणूस तोंडावर सांगतो काय कमी आहे ते. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातला द्या. कॅफेवाल्याचा दिला की ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की गट, गुण आणि स्पेलिंग पाहून तक्रार त्याच मुदतीत करा; अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना अमरावतीचं शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय किंवा नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माण विभाग वर टाकायला घाबरू नका. वर टाकल्याने खालचा पर्याय हातचा जात नाही. पण पहिल्या क्रमांकावर जे टाकाल तेच मिळालं तर ते बंधनकारक होतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून मैत्रिणीने टाकलं म्हणून एखादं कॉलेज पहिलं टाकू नका. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा आपल्या गटाचा कटऑफ पाहा, आणि एसटी बस कुठपर्यंत जाते तेही पाहा. स्टँडपासून बारा किलोमीटर आत असलेल्या कॉलेजची फी कमी दिसते, पण रोजच्या ऑटोत ती वसूल होते. कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी घेऊन नोंदणी होत नाही. या मान्यतांपायीच फार्मसीच्या फेऱ्या इंजिनिअरिंगच्या मागे रेंगाळतात. पोळा आला तरी यादी नाही म्हणून घाबरून भलतीकडे पैसे भरू नका. जागा मिळाल्यावर सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० रुपये मुदतीत ऑनलाइन भरायचे, नाहीतर जागा गेली.

मुलाखत किंवा निदान समोरासमोर बोलणं होतं ते खासगी आणि अभिमत विद्यापीठांत, आणि कधी संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागांसाठी. तिथे ‘फार्मसीच का?’ हे विचारतातच. ‘समाजसेवा करायची आहे’ हे उत्तर दिवसभरात सगळेच देतात. त्यापेक्षा घरातली गोळ्यांची एक स्ट्रिप घ्या आणि मागची बाजू वाचून काढा: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, एक्सपायरी, किती तापमानात ठेवायचं, शेड्यूल एच की एच १ (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्या). सेफिक्झिम हे अँटिबायोटिक एच १ मध्ये येतं. ते विकताना दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. हे माहीत असलेला मुलगा लगेच उठून दिसतो. आपल्या भागातलं बोला. ३० अंशांखाली ठेवायची गोळी मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याच्या दुकानात कशी टिकेल? इन्शुलिनला २ ते ८ अंश हवेत, गावात वीज गेली तर काय करायचं? गडचिरोली-मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्यावर हायड्रॉक्सियुरिया देतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतून विषबाधा झाली. यातला एक विषय नीट वाचून जा. इंग्रजी अडखळलं तर ‘मराठीत सांगू का?’ असं विचारा. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा ते कधीही चांगलं.

संस्था स्तरावर कोणी डोनेशन मागितलं तर ते १९८७ च्या राज्य कायद्याने बंद आहे. कॉलेजची फी ‘शुल्क नियामक प्राधिकरण’ ठरवतं, तो आकडा काढून सोबत न्या. आणि लक्षात ठेवा, कॅपबाहेर घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तेही कॅपमधून आलेल्यांनाच. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. नॉन-क्रिमीलेअर दाखवून भागत नाही. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म दरवर्षी भरायचा. पैसे त्याच खात्यात येतात जे आधारला शेवटचं जोडलेलं असतं. कुठल्यातरी सिमसोबत उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात ते गेलेले असतात आणि पोरगं स्टेट बँकेचं पासबुक छापत बसतं. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आधी विचारून घ्या.

प्रवेशाच्या दिवशी मूळ टीसी कॉलेजात जमा होते. त्याआधी सगळ्या कागदांचे चार संच झेरॉक्स आणि एक रंगीत स्कॅन करून ठेवा, आणि परतताना बोनाफाइड मागून घ्या. एसटी बसच्या पासला आणि महाडीबीटीला तेच लागतं.