पायडल न मारता एक फेरी: परदेशात पंप ट्रॅक शोधताना

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन बसवण्याच्या कामाला आहे. वर्षातून एक-दोनदा बाहेर जावं लागतं, बहुतेकदा जर्मनी, कधी सिंगापूर, कधी आखात. आठवडाभर काम, रविवार मोकळा. पूर्वी तो रविवार झोपण्यात नाहीतर लेकीसाठी चॉकलेटं शोधण्यात जायचा. आता पंप ट्रॅक शोधण्यात जातो.

नाशिकला सायकलवाले कमी नाहीत. २०१५ साली महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत ‘रॅम’ पूर्ण केली, त्यानंतर तर गंगापूर रोडला पहाटे हेल्मेटांची गर्दी वाढतच गेली. मीही पंढरपूरची सायकल वारी केलेला गडी. त्यामुळे स्टुटगार्टजवळच्या एका गावात तो डांबरी उंचवट्यांचा वेडावाकडा पट्टा पहिल्यांदा दिसला, तेव्हा वाटलं ही पोरांची खेळणी. उसनी सायकल घेऊन उतरलो आणि तिसऱ्या उंचवट्यावर जागच्या जागी थांबलो. मागे सात-आठ वर्षांची एक मुलगी माझी वाट मोकळी व्हायची वाट बघत उभी. पंढरपूर तिला काय सांगणार?

पंप ट्रॅक म्हणजे एक बंद फेरी. सरळ भागात ओळीनं गोल उंचवटे, त्यांना रोलर म्हणतात. वळणावर बाहेरची बाजू भिंतीसारखी उचललेली, ती बर्म. पायडल न मारता, फक्त अंग खालीवर करून वेग राखायचा, एवढाच खेळ. आधी हे ट्रॅक मातीचे असत. डांबर आलं तसे स्केटबोर्ड, स्कूटर, रोलर स्केटवालेही आले. स्वित्झर्लंडचा माजी डाउनहिल शर्यतपटू क्लाउडिओ कालुओरी आणि त्याची वेलोसोल्युशन्स कंपनी यांचा डांबरी ट्रॅक जगभर पसरवण्यात मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये याची जागतिक स्पर्धा सुरू झाली, पहिली अंतिम फेरी अमेरिकेत आर्कान्सामधल्या स्प्रिंगडेलला झाली.

आता शोधायचं कसं. सोय अशी की जर्मन असो, फ्रेंच असो की पोलिश, शब्द बहुधा ‘पंपट्रॅक’ हाच चालतो. जपानी माणूसही ‘पंपु तोराक्कु’च म्हणतो. नकाशात हा शब्द आणि गावाचं नाव टाका. मग लगेच उपग्रहाचं चित्र लावा, कारण नावावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. डांबरी ट्रॅक वरून कढईत सोडलेल्या काळ्या जिलेबीसारखा दिसतो, एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. तपकिरी जिलेबी दिसली तर ट्रॅक मातीचा. स्केटबोर्डवाल्यांनी तिकडे पाय वळवू नये, छोटी चाकं मातीत रुततात. सायकलवाल्यांनी जावं, पण आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर नको. ओला मातीचा ट्रॅक चालवला की त्यात चर पडतात आणि ते बुजवायला तिथल्या पोरांनाच फावडी घ्यावी लागतात.

नकाशात काही सापडलं नाही तर गावचा पोहण्याचा तलाव, फुटबॉलचं मैदान, शाळा यांच्या कडेकडेनं चित्र सरकवत बघा, नगरपालिका बहुतेक तिथेच ट्रॅक बांधतात. ट्रेलफोर्क्स हे ॲप सायकलींच्या वाटांसाठी आहे, त्यातही बरेच सापडतात. तरीही नाही मिळाला तर सायकल दुरुस्तीच्या दुकानात विचारा. काउंटरवरच्या पोराला नक्की माहीत असतं.

फोटो बघताना तारीख बघा, हे मी ठेच खाऊन सांगतोय. स्वित्झर्लंडमध्ये तुकडे जोडून उभारायचे फिरते ट्रॅक असतात, काही आठवडे या शाळेत, मग पुढच्या. मी फोटो बघून तिकीट काढलं, सरहद्द ओलांडून पोचलो तर मैदानात गवत आणि गवतावर ट्रॅकच्या आकाराचा पिवळा डाग. स्टेशनवर परत येऊन सँडविच खाल्लं, तेही महाग.

आपल्या लोकांचं जाणं-येणं असतं त्या बाजूचे दोन सांगतो. अबू धाबीत हुदैरियात बेटावर ट्रेल एक्स नावाचा सायकल पार्क आहे, त्यात पंप ट्रॅक आहेत. तिथे उन्हाळ्यात दुपारी जाण्याचा विचारसुद्धा करू नका, डांबरावर पडलात तर खरचटण्याआधी भाजाल. सिंगापूरला चेस्टनट नेचर पार्कात डोंगरी सायकलींच्या वाटा आहेत आणि सायकल पार्कात पंप ट्रॅकही.

सामानाचं थोडक्यात. सायकल इथून नेऊ नका, भाड्यानं घ्या. मागताना ‘डर्ट जंप’ किंवा ‘बीएमएक्स’ म्हणा, म्हणजे उड्यांसाठीची छोटी, दणकट सायकल. गिअरची हायब्रिड सायकल गळ्यात मारतील, ती घेऊ नका. सीट पार खाली करा, नाहीतर गुडघे वाकायला जागाच राहत नाही. टायरमध्ये हवा टणक हवी, पण टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. स्केटबोर्ड मात्र घरून न्या, चेक-इन बॅगेत तिरका मावतो. माझ्या लेकीच्या बोर्डची मूळ चाकं ५२ मिलिमीटरची आणि कडक होती. गुळगुळीत फरशीवर ठीक, पण डांबरावर दात वाजायचे. ६० मिलिमीटरची, ७८ए कडकपणाची मऊ चाकं घातली आणि बोर्ड शांत झाला. मोठी चाकं घातली की ट्रक, म्हणजे चाकं धरणारा धातूचा भाग, आणि लाकूड यांच्यामध्ये रायझर पॅड ही उंची वाढवणारी चकती टाका, नाहीतर वळताना चाक लाकडाला घासून बोर्ड जागीच अडकतो आणि तुम्ही पुढे जाता. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे हवेतच. प्रवास विम्यात असे खेळ धरलेत का ते निघण्याआधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात. युरोपात कुठेही मदतीचा नंबर ११२.

ट्रॅकवर पोचल्यावर लगेच घुसायचं नाही. दहा मिनिटं कडेला बसा. लोक कुठल्या दिशेनं फिरतायत, सुरुवात कुठून करतायत, एकामागे एक किती अंतर ठेवतायत, सगळं दिसतं. मध्ये थांबायचं नाही, थांबलातच तर सायकल उचलून ताबडतोब बाहेर. जर्मनीत फलकावर ‘आउफ आयगेनं गेफार’ असं काहीतरी असतं, म्हणजे पडलात तर तुमचं तुम्ही बघा. त्याखालच्या वेळाही वाचा. घरं जवळ असतील तर दुपारी किंवा संध्याकाळनंतर बंदी असू शकते.

आणि आता मुख्य गोष्ट, जी मला समजायला दोन रविवार गेले. नागपंचमीचा झोका आठवा. उभं राहून झोका चढवताना आपण योग्य क्षणी बसतो आणि उठतो, कुणी ढकलावं लागत नाही. इथेही तसंच. उंचवटा चढताना अंग हलकं करायचं, हात आणि गुडघे दुमडून सायकल छातीकडे येऊ द्यायची. माथा ओलांडला की हातपाय लांब करून चाकं उतारावर दाबायची. आधी पुढचं चाक हातांनी, मग मागचं पायांनी. आम्ही लांब पल्ल्याचे सायकलवाले नेमकं उलटं करतो: चढ दिसला की सवयीनं जोर लावतो. चढावर दाबलं की वेग मरतो. मी तिसऱ्या उंचवट्यावर याच कारणानं अडकलो होतो.

दोन्ही पायडल आडवी, समपातळीत. नजर पुढच्या चाकावर नको, दोन उंचवटे पुढे. बर्ममध्ये शिरताना वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे बघा, सायकल आत झुकवा आणि ब्रेक विसरा. स्केटबोर्डवर दोन्ही पाय बोल्टांच्या आसपास, गुडघे सैल. लेक म्हणते, “बाबा, तू घाबरलास की मागे रेलतोस, आणि मागे रेललास की बोर्ड पुढे पळतो.” सायकललाही हे लागू आहे. सुरुवातीला एकच सरळ पट्टा पुन्हा पुन्हा करा, पूर्ण फेरीचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी मांड्या नव्हे, दंड आणि पाठ दुखतील. दुखली नाही तर तुम्ही चोरून पायडल मारलंय.

जाण्याआधी सराव घरीच होतो. सोसायटीच्या गेटजवळ दोन गतिरोधक असतील तर सीटवरून उठून, पायडल न मारता ते पार करा: चढताना हलके, उतरताना दाब. दुसरा गतिरोधक पहिल्यापेक्षा जास्त वेगानं ओलांडला तर जमलं समजा. आमचा वॉचमन पहिले चार दिवस साहेबांचं काही बिनसलंय का म्हणून बघत होता. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःची जुनी ॲटलस काढली. सीट खाली करायला पाना माझ्याकडून नेला, तो अजून परत आलेला नाही.