पासवर्ड 'अवघड' करण्याच्या नादात या चुका टाळा

पासवर्डमध्ये एक कॅपिटल अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घातले की खाते सुरक्षित झाले, हा समज आता सोडून द्यावा. अशा नियमांची शिफारस करणाऱ्या अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनेच 2017 साली ती मागे घेतली आणि लांबीला महत्त्व दिले. दर तीन महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये, असेही तिने सांगितले, कारण सक्ती झाली की लोक शेवटच्या 1 चा 2 करतात. तरीही मला दिसणारे बहुतेक पासवर्ड नाव, मग @, मग 123 किंवा जन्मसाल याच घाटाचे असतात आणि पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅमही आधी हाच घाट तपासतात.

याहून घातक चूक म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे. 2012 मध्ये लिंक्डइनमधून चोरलेल्या माहितीपैकी 11 कोटींहून अधिक खात्यांचा साठा 2016 मध्ये विक्रीला आला होता; म्हणजे चोरीला गेलेला पासवर्ड वर्षानुवर्षे कामाला येतो. चोर तो हाताने टाकून पाहत बसत नाही. ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या इतर शेकडो संकेतस्थळांवर आपोआप टाकून पाहिल्या जातात.

माझ्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याने कुठल्याशा किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावर आपल्या ईमेलचाच पासवर्ड दिला होता. तो तिथून फुटला. ईमेलमध्ये कुणीतरी शिरल्याचे कळताच त्यांनी लगेच पासवर्ड बदलला आणि विषय संपला असे मानले. पण चोराने सेटिंगमध्ये एक फिल्टर करून ठेवला होता. 'बिल' किंवा 'पेमेंट' हा शब्द असलेली प्रत्येक मेल परस्पर त्याच्या पत्त्यावर जात होती आणि यांच्या इनबॉक्समध्ये दिसतही नव्हती. पासवर्ड बदलल्याने फिल्टर पुसला जात नाही. पुढे त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाईकाला हुबेहूब तसेच बिल गेले, फक्त बँक खात्याचा क्रमांक वेगळा होता, आणि त्याने पैसे भरले. 1930 या हेल्पलाइनवर तक्रार झाली, परंतु रक्कम तोवर पुढे सरकली होती. "पासवर्ड तर बदलला होता ना!" हे वाक्य मी त्यानंतरही अनेकांकडून ऐकले आहे. घाई झालेल्या माणसाला एका बटणात सुटका हवी असते. ईमेलमध्ये कुणी शिरले असेल तर पासवर्ड बदला, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा, आणि त्यानंतर फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरी ईमेल व मोबाइल क्रमांक (म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेले) एकेक करून तपासा. अर्धा तास जातो, जाऊ द्यावा.

रिकव्हरीचा मोबाइल क्रमांक जुना राहणे ही मला चीड आणणारी आणखी एक चूक. बंद झालेला क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो आणि तुमच्या खात्याचा ओटीपी मग त्याच्या हातात पडतो. सिम बदलण्याआधी हे काम उरकावे.

बाकीच्या चुका थोडक्यात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल असा ठरलेला असतो, त्यामुळे ती फाइल 'लॉक आहे' म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. सायबर कॅफेत ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नये. ओटीपी कुणालाही सांगू नये, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला तर नाहीच.

मी स्वतः बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारा प्रोग्रॅम, वापरतो आणि फक्त त्याचा मुख्य पासवर्ड पाठ ठेवतो. तो निवडताना शब्दकोश न बघता उघडून पाच शब्द घेतो आणि रोमन लिपीत लिहितो: घंगाळ, तिकीट, वळीव, मुंगूस, कडबा, असे काहीतरी (हेच घेऊ नका, आता ते छापून झाले). आरतीची किंवा अभंगाची ओळ घेऊ नये, कारण ती सर्वांना पाठ असते. ज्यांना मॅनेजर जमत नाही त्यांनी घरातल्या कपाटात वही ठेवावी. अनेकांना हे पटत नाही, पण रशियातल्या चोराला तुमचे कपाट उघडता येत नाही. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) मात्र आजच लावावे आणि त्याचे बॅकअप कोड फोनमध्ये न ठेवता कागदावर छापून त्याच कपाटात ठेवावेत, कारण फोन हरवला की ते कोडच लागतात.